आमसुलापासून अल्कलॉइडपर्यंत: कोकणातल्या औषधी वनस्पतींचं रसायन घरच्या घरी कसं अभ्यासावं

औषधी झाडांचं वेड लागलं की माणूस आधी याद्या करतो. अमकं पान खोकल्यावर, तमकी साल जुलाबावर. वहीत दोनशे नावं होतात आणि रसायन एकाचंही कळत नाही. आमचा सल्ला उलटा आहे. वर्षभरासाठी पाचच झाडं धरा, पण प्रत्येकाचं फूल, फळ, साल, वाळलेलं पान आणि अर्क या सगळ्यांशी ओळख करून घ्या. वनस्पती-रसायनातल्या बहुतेक चुका परीक्षानळीत होतच नाहीत. झाड चुकीचं तोडलं, भलत्या महिन्यात तोडलं किंवा दमट पडवीत वाळवलं, की पुढची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून या लेखात झाड ओळखणं आणि वाळवणं यांना रंगांच्या चाचण्यांइतकीच जागा दिली आहे.

पाच झाडं कुठली

कोकम रंगद्रव्यांसाठी, हिरडा टॅनिनसाठी (प्रथिनांना धरणारं तुरट द्रव्य), रिठा किंवा शिकेकाई सॅपोनिनसाठी (साबणासारखा फेस आणणारं), अडुळसा अल्कलॉइडसाठी (नायट्रोजन असलेलं, आम्लाशी क्षार बनवणारं) आणि दालचिनी सुगंधी तेलासाठी. पाचही परसात, आगरात किंवा बाजारात मिळतात, आणि प्रत्येक झाड रसायनांचा एकेक वर्ग शिकवतं. तुलनेसाठी कात, वावडिंग, हळद आणि गवती चहा हाताशी ठेवा.

काही झाडांना घरच्या अभ्यासात हात लावू नका. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असतं, कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन, गुंजेच्या बीत अ‍ॅब्रिन. कण्हेर हृदयावर काम करते. बिब्याचं तेल कातडी जाळतं. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर नजर जाऊ शकते. ही झाडं लांबून ओळखता आली पाहिजेत, एवढंच. आणि एक नियम पाचही झाडांना लागू आहे: चव घेऊन परीक्षा नाही, तयार केलेला अर्क कुणाला औषध म्हणून देणं नाही.

झाड तेच आहे ना?

कुड्याचं उदाहरण घ्या. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसिन हे अल्कलॉइड असतं आणि त्याच्या बिया कडू इंद्रजव म्हणून विकल्या जातात. काळा कुडा हे वेगळ्याच प्रजातीचं झाड आहे. त्याच्या पानांतून पूर्वी निळीसारखा रंग काढत. रानात दोन्ही शेजारीशेजारी उभे असतात, दोघांनाही पांढरी फुलं आणि जोडीनं लटकणाऱ्या लांब शेंगा. फरक बघायचा तो असा. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी झालरीसारखी तुसं असतात, पांढऱ्याच्या नसतात. काळ्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. बी काढून भिंगाखाली धरलं की पांढऱ्याचा केसांचा झुबका बीच्या वरच्या टोकाला दिसतो, काळ्याचा खालच्या. यातलं काहीच नुसत्या पानावरून कळत नाही. म्हणून फूल किंवा फळ नसलेला नमुना आम्ही अर्धाच धरतो.

भुईआवळ्याचंही तेच. पावसात उगवणाऱ्या या रोपांच्या दोन-तीन जाती एकाच नावानं विकल्या जातात. जिचं खोड हिरवं आणि फळ गुळगुळीत, देठावर लटकणारं, ती फिलँथस अमारस. खोड तांबूस आणि फळ खरखरीत, जवळजवळ बिनदेठाचं असेल तर ती दुसरी जात. दोन्ही एकाच पिशवीत गेल्या तर अर्काचा निकाल कुणाचा म्हणायचा?

दर झाडाचा एक दाबलेला नमुना ठेवायचाच. सुमारे 25 ते 30 सेंटीमीटरची, फूल-फळ असलेली फांदी घ्या. जुन्या वर्तमानपत्रांत पसरा, निदान एक पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल, आणि वर फळी ठेवून वजन द्या. कागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. कोकणात नमुना कुजतो तो पहिल्या तीन दिवसांतल्या आळसामुळे. वाळल्यावर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, कीड मरते. जुन्या पद्धतीत यासाठी पाऱ्याचं विषारी क्षार वापरत, ते घरात आणू नका. चिठ्ठीवर तारीख, गाव, जागा (सडा, आगर, खाडीकाठ, घाट), झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग, वास आणि गावातलं नाव लिहा. रंग आणि वास वाळल्यावर जातात, म्हणून ते झाडाखाली उभं असतानाच लिहायचे. शंका राहिली तर जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे, तिथल्या संग्रहात पश्चिम घाटातले पडताळलेले नमुने आहेत.

वाळवण

इथे सगळ्यात जास्त बिघडतं. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की सावलीत ठेवलेलं पान वाळतच नाही, आंबतं. पानाच्या पेशी फुटतात, त्यांतली विकरं (एन्झाइम) कामाला लागतात, पॉलिफिनॉल तपकिरी पडतात, ग्लायकोसाइड (साखर जोडलेले रेणू) तुटतात आणि मग बुरशी चढते. म्हणून पानांचा साठा ऑक्टोबर ते मे या काळात करा. जे पावसातच उगवतं, उदाहरणार्थ भुईआवळा, ते पंख्याखाली जाळीवर एकेरी थरात पसरा किंवा 40 ते 45 अंशांच्या ड्रायरमध्ये वाळवा.

चुलीवरच्या माळ्यावर वाळवलेलं घरखर्चाला ठीक, अभ्यासाला नाही. धुरातले फिनॉल पानावर बसतात आणि पुढे लोहाच्या चाचणीत तेच रंग देतात. ऊनही जपून वापरा. अडुळशातलं व्हॅसिसीन हवेत हळूहळू ऑक्सिडाइझ होऊन व्हॅसिसिनोन बनतं. त्यामुळे अडुळशाची पानं सावलीत वाळवा, आणि हौस असेल तर एक मूठ मुद्दाम उन्हात वाळवून वेगळी ठेवा. दोन्हींचा अर्क पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत शेजारीशेजारी पाहता येतो. तुलनेसाठी याहून सोपा विषय मिळणार नाही.

वाळलं हे हातानं नव्हे, काट्यानं ठरवा. 100 ग्रॅम ताजी पानं तोलून ठेवा आणि रोज त्याच वेळी तोला. लागोपाठ दोन दिवस वजन बदललं नाही आणि देठ काटकन मोडला की झालं. लगेच भरड दळा (अगदी पीठ केलंत तर गाळताना कागद तुंबतो) आणि काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह भरा. समुद्राजवळच्या घरात बरणी दहा मिनिटं उघडी राहिली तरी पूड ओल धरते. बरणीवर झाडाचं नाव, भाग आणि तोडल्याची तारीख लिहा. नुसतं 'अडुळसा' पुरत नाही, पान की मूळ तेही लिहा.

सामान

0.01 ग्रॅम दाखवणारा काटा, डझनभर परीक्षानळ्या, 100 मिलिलीटरचे चार बीकर, 10 मिलिलीटरचं मोजपात्र, ड्रॉपर, गाळण कागद, 1 ते 14 चा पीएच कागद, डोळ्यांचा चष्मा आणि हातमोजे. पाणी डिस्टिल्डच घ्या, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते चालतं. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं. मग टॅनिनचा अर्क नुसत्या पाण्यानंच काळवंडतो आणि आपल्याला वाटतं झाडच जोरदार आहे.

फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड खरवडण्यासाठी मिळतं. 5 ग्रॅम 100 मिलिलीटर पाण्यात विरघळवा. कपड्यांवर डाग कायमचा बसतो, आणि स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ते ठेवायचं नाही. अल्कलॉइडसाठीचा वॅग्नर द्राव म्हणजे 100 मिलिलीटर पाण्यात 1.27 ग्रॅम आयोडीन आणि 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. 5 टक्के आयोडीनचा ल्यूगॉल द्राव मिळाला तर त्याच्या 25 मिलिलीटरमध्ये पाणी घालून 100 करा, जवळपास तोच होतो. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन मात्र चालत नाही, त्यातलं आयोडीन पॉलिमरनं धरून ठेवलेलं असतं. अल्कोहोल म्हणून आयसोप्रोपिल घ्या. जळाऊ स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं.

अर्क किती उतरला

कुठल्याही चाचणीआधी हे एक मोजमाप करा, कारण वहीत तुलना करता येईल असा पहिला आकडा इथून मिळतो. 5 ग्रॅम पूड झाकणाच्या बाटलीत 100 मिलिलीटर पाण्यात घाला. पहिले 6 तास मधूनमधून हलवा, पुढचे 18 तास स्वस्थ ठेवा. गाळा. गाळलेल्यातले बरोबर 25 मिलिलीटर आधी तोललेल्या बशीत घेऊन वाफेवर आटवा, वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. उरलेल्या अवशेषाचं वजन ग्रॅममध्ये घेऊन 80 नं गुणलं की पाण्यात उतरणाऱ्या अंशाची टक्केवारी मिळते. हेच दुसऱ्या बाटलीत आयसोप्रोपिलनं करा, पण तो अर्क उघड्यावर वाऱ्यावरच सुकवा, आसपास चूल, गॅस, उदबत्ती काही नको. पाण्यात टॅनिन, साखरा, श्लेष्मल द्रव्यं जास्त येतात. राळ, करक्युमिन, वावडिंगातलं एम्बेलिन ही अल्कोहोलमध्ये. हळद पाण्यात उकळून 'करक्युमिनचं पाणी' पिणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करावा.

कोकम: रंग आणि आंबटपणा

आमसूल नको, त्यात मीठ असतं आणि पुन्हापुन्हा रसात बुडवून उन्हात वाळवताना रंग बराच गेलेला असतो. एप्रिल-मेमधला पिकलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं ताजं फळ घ्या. 10 ग्रॅम साल बारीक चिरून 100 मिलिलीटर थंड पाण्यात अर्धा तास ठेवा आणि गाळा. गरम करू नका. सहा नळ्यांत 5-5 मिलिलीटर घाला. पहिली तशीच ठेवा, दुसरीत लिंबू पिळा. तिसरी ते पाचवीत खाण्याच्या सोड्याचं 5 टक्के पाणी थेंबाथेंबानं वाढवत न्या. सहावीत चुन्याची निवळी घाला. दर नळीचा पीएच आणि रंग एका मिनिटाच्या आत लिहा.

पहिल्याच थेंबांना रंग बदलत नाही म्हणून लोक घाबरून चमचाभर सोडा ओततात. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल भरपूर असतं, सुरुवातीचा सोडा तेच खातं. नळी फसफसते ती त्यामुळे. धीर धरा. पीएच 3 च्या खाली लालभडक, 4-5 च्या आसपास फिकट, 6-7 ला जांभळट, त्यावर निळसर-हिरवट, आणि निवळीत थोड्या वेळानं पिवळा. रंग सायनिडिनच्या ग्लायकोसाइडचा आहे. आम्लात त्याचा रेणू धनभारित आणि लाल असतो. आम्ल कमी झालं की पाण्याचा रेणू त्याला जोडला जातो आणि रंग उडतो. अल्कलीत तो प्रोटॉन सोडून निळा होतो, आणि तीव्र अल्कलीत वलय उघडून पिवळा चाल्कोन बनतो. आता जांभळ्या नळीत लिंबू घाला, लाल परत येतो. पिवळ्या नळीत घाला, पुरता येत नाही, कारण तिथे रेणूच मोडलेला आहे. उलटता येणारा आणि न येणारा बदल यातला फरक एवढ्या स्वस्तात दुसरं कुठलं फळ दाखवत नाही.

टॅनिन: हिरडा आणि कात

प्रत्येकी 1 ग्रॅम पूड 50 मिलिलीटर पाण्यात 5 मिनिटं उकळा, काचेत किंवा स्टीलमध्ये. लोखंडी कढई किंवा लोखंडी खल वापरलात तर चाचणी करायची गरजच राहणार नाही, अर्क आधीच काळा झालेला असेल. गाळून 1 मिलिलीटर अर्कात 9 मिलिलीटर पाणी घाला आणि फेरिक क्लोराइडचे एक-दोन थेंब सोडा. हिरडा निळा-काळा, कात हिरवट. हिरड्यातलं टॅनिन गॅलिक आम्लाच्या घराण्यातलं, पाण्यानं तुटणारं. कातातलं कॅटेचिनच्या घराण्यातलं. अर्क पातळ केला नाही तर दोन्ही काळेच दिसतात, ही नेहमीची चूक.

पण लोहाला कुठलाही फिनॉल रंग देतो. टॅनिन म्हणायचं तर त्यानं प्रथिन धरलं पाहिजे. कोमट 100 मिलिलीटर पाण्यात 1 ग्रॅम जिलेटिन आणि 10 ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात अर्क घाला. पांढरट गाळ बसला तर टॅनिन. साधे फिनॉल गाळ देत नाहीत.

रिठा

थोडक्यात आटपतं. अर्धा ग्रॅम पूड, 10 मिलिलीटर पाणी, अर्धा मिनिट जोरात हलवा, 15 मिनिटं थांबा. सेंटीमीटरभर फेस टिकला तर सॅपोनिन असावं. बेसनाच्या पाण्यालाही फेस येतो, म्हणून बेसनाची एक नळी शेजारी ठेवाच.

अडुळसा: सगळ्यात फसवी चाचणी

2 ग्रॅम पूड 20 मिलिलीटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये घालून बीकर गरम पाण्यात 15 मिनिटं ठेवा. अल्कलॉइड आम्लात क्षार होऊन विरघळतं. गाळा, पूर्ण थंड करा. 2 मिलिलीटरमध्ये वॅग्नरचे 2-3 थेंब घाला. तांबूस तपकिरी गढूळपणा आला पाहिजे. शेजारी नुसत्या व्हिनेगरची नळी हवी, ती पारदर्शक राहते.

आता ही चाचणी कशी फसवते ते बघा. भाताच्या पेजेत तोच द्राव घातला की निळा-काळा होतो, म्हणजे पिष्टमय मुळांच्या अर्कात रंग पिठाचा असतो. प्रथिनांनाही गाळ बसतो. उलट, चहातलं कॅफीन अल्कलॉइड असूनही मेयरच्या द्रावाला (अल्कलॉइड ओळखण्याचा दुसरा द्राव) दाद देत नाही. (मेयरमध्ये पारा असतो, घरी तो नकोच.) पक्कं करायचं तर अर्क अमोनियानं पीएच 9-10 वर आणतात. अल्कलॉइड क्षारातून सुटतं, ते सेंद्रिय द्रावकात ओढून घेतात, पुन्हा आम्लात आणतात आणि मग चाचणी करतात. प्रथिनं आणि पीठ मागे राहतात. हे काम धुराडं असलेल्या प्रयोगशाळेत करायचं. घरच्या वहीत 'अल्कलॉइड: संशयित' एवढंच लिहा.

आणि गाळ आला म्हणजे औषध सिद्ध झालं असं नाही. व्हॅसिसीन 1888 मध्ये वेगळं केलं गेलं. त्याच्या रचनेवरून बेतलेलं, कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन यायला पुढची कितीतरी दशकं गेली. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचं तसंच. कर्करोगाच्या पेशींवर काम करणारं कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड 1966 मध्ये आधी एका चिनी झाडात सापडलं. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते आपल्याकडच्या या झाडात दाखवलं. मूळ रेणू मात्र फार विषारी आणि पाण्यात न विरघळणारा निघाला, म्हणून दवाखान्यात वापरतात ती त्याच्यात बदल करून बनवलेली औषधं. पुढे याच रेणूपायी नरक्याची बेसुमार तोड झाली.

दालचिनीचं पान

सावलीत चार दिवस सुकवलेली 200 ग्रॅम पानं हातानं चुरगळा. 5 लिटरच्या कुकरमध्ये दीड लिटर पाणी, वर चाळणी, तिच्यावर पानं. कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही. शिटी काढून तिथे उष्णता सोसणारी सिलिकॉनची नळी, पुढे बर्फाच्या बादलीतलं तांब्याचं वेटोळं. पानाचा तुकडा शिटीच्या भोकात अडकला तर आत दाब चढतो, म्हणून पानांवर मलमलचं फडकं घाला आणि नळीतून थेंब पडत राहतात ना यावर नजर ठेवा. थेंब थांबले की लगेच आच बंद. दोन तासांत दुधाळ पाणी जमेल. ते अरुंद, उंच नळीत घेऊन रात्रभर थंड ठेवा.

तेल तळाशी बसेल. पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं आणि ते पाण्याहून जड आहे. गवती चहाचं सिट्रलचं तेल तरंगतं. तेल लवकर सुटावं म्हणून काही जण मीठ घालतात. गवती चहाला ते चालतं, पण दालचिनीत भरपूर मीठ घातलं की पाणीच तेलाहून जड होतं आणि तेल वर येतं. मग आपण तळाशी शोधत बसतो. त्याच झाडाच्या सालीतलं तेल वेगळं, त्यात सिनॅमाल्डिहाइड मुख्य. कोकण कृषी विद्यापीठाचं 'कोकण तेज' हे वाण आसपास असेल तर एकाच झाडाची साल आणि पान घ्या, म्हणजे फरक भागाचा आहे, झाडाचा नाही, हे ठामपणे लिहिता येईल.

पुढची पायरी

यानंतर कॉलेजमध्ये कागदावरची किंवा पातळ थराची क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातली द्रव्यं पट्ट्यांत वेगळी करण्याची पद्धत) करा. पानातला हिरवा अर्क पेट्रोलियम ईथर आणि अ‍ॅसिटोन 9:1 मध्ये चढवला की कॅरोटीन सगळ्यात वर जातं, क्लोरोफिल अ आणि ब खाली वेगळे होतात. कोकमाच्या पानावर हाच प्रयोग केला तर मध्येच राखाडी पट्टा उमटतो. पान आंबट असल्यामुळे कुटताना क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि फिओफायटिन बनतं. कुटतानाच चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, पट्टा बराच कमी होतो.

नमुने आपल्या आगरातले घेतलेत तर प्रश्न नाही. राखीव जंगल आणि कांदळवन यांतून परवानगीशिवाय काही आणू नका, आणि देवराईतलं पानही गावाला विचारल्याशिवाय नको. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते. ती मागून वाचा, गावातली झाडांची नावं तिथे सापडतात.

उरलेले द्राव पोफळीच्या पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका. आयोडीनच्या द्रावात व्हिटॅमिन सीची गोळी कुटून घाला, रंग गेला की ते आयोडाइड झालं. फेरिक क्लोराइडमध्ये फसफस थांबेपर्यंत धुण्याचा सोडा घाला, तांबडा गाळ बसू द्या आणि तो कागदात बांधून वेगळ्या कचऱ्यात टाका.